चार किलोवर थांबणारा काटा

सोमवार, ४ मार्च

ही वही मुलीने जानेवारीत दिली. बॉयलरचं रजिस्टर इतकं नेमाने भरता, तर स्वतःबद्दलही चार ओळी लिहीत जा, असं म्हणाली होती. दोन महिने कपाटात पडून होती. आज काढली, कारण डोक्यात जे चाललंय ते रजिस्टरात लिहिण्यासारखं नाही.

गेल्या गुरुवारी इस्त्रीघरात वाफेचा होज फुटला आणि मुकादमबाईंच्या मनगटावर वाफ आली. फोड आले, पण थोडक्यात निभावलं. इस्पितळाचंच धुलाईघर, त्यामुळे पाच मिनिटांत मलमपट्टी झाली. आज साहेबांनी बोलावून सांगितलं की वाफेचा दाब आपोआप सांभाळणारं यंत्र पुढच्या आठवड्यात येतंय. मग मी काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. बॉयलरमध्ये वाफ सात किलो दाबाची. इस्त्रीघरातल्या तीन रोलरांना लागते चार किलोची. सातची थेट सोडली तर चादरी करपतात, होज फाटतात, माणसं भाजतात. कमी पडली तर चादरी ओल्याच बाहेर येतात आणि वॉर्डांतून ओरडा सुरू होतो. या दोहोंच्या मध्ये एक चाकाचा व्हॉल्व्ह आहे आणि त्या चाकावर सव्वीस वर्षं माझा हात आहे. रोलर चालू झाला की अर्धा फेरा सोडायचा, बंद झाला की अर्धा फेरा आवळायचा. मला काट्याकडे बघावंही लागत नाही. पाइपाच्या आवाजावरून कळतं.

होज जुना होता, दुसरं काही नाही. रोलर बंद करण्याआधी इस्त्रीघरातून घंटा द्यायची आणि मी इकडे वाफ आवळायची, ही आमची पद्धत. पण ती घंटा दीड वर्ष बिघडलेली आहे. वायरमनला तीनदा सांगून झालं. तो येतो, बटण दाबतो, माझ्या तोंडाकडे बघतो आणि "ठीक आहे मामा" म्हणून चालता होतो. इतका कामचुकार माणूस मी पाहिला नाही. शेवटी मुकादमबाईंनी तोड काढली. मधल्या काचेतून त्या पिवळा फडका हलवतात, त्यावर आमचं चालतं. गुरुवारी नेमका मी काचेकडे पाठ करून बॉयलरची पाणी दाखवणारी नळी पुसत होतो.

दुपारी त्यांना भेटून आलो. तुमची काही चूक नाही मामा, म्हणाल्या. म्हणताना खिडकीबाहेर बघत होत्या. बाईंचं मन मोठं आहे.

बुधवार, ६ मार्च

आज विशेष काही नाही, पण एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली.

ही, म्हणजे माझी बायको, हल्ली काही सांगायचं असलं की आधी जवळ येते, खांद्यावर हात ठेवते आणि मग बोलते. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. पहिली तीस वर्षं स्वयंपाकघरातून हुकूम सुटायचे. वय झालं की माया वाढते म्हणतात ते खोटं नसावं. मीही मग तिच्याकडे तोंड करून नीट ऐकतो.

बाकी शेजारचा आज पुन्हा टीव्हीच्या आवाजाबद्दल बोलून गेला. तो माणूस मुळातच चिडका. आणि मुलीचा फोन आला होता. तिला किती वेळा सांगितलं, तोंड उघडून बोल. आजकालची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. मी "बरं, बरं" म्हणून फोन हिच्याकडे दिला.

सोमवार, ११ मार्च

यंत्र आलं. लाकडी पेटीतून चौघांनी उतरवलं. मला वाटलं होतं घड्याळासारखं काही नाजूक असेल. हे तर चांगलं दणकट निघालं. खाली मोठा व्हॉल्व्ह, त्याला थाळीसारखं रुंद पोट, आणि कडेला खांद्यावर मूल बसवावं तसा एक छोटा व्हॉल्व्ह. त्याला पायलट म्हणतात.

बसवायला कंपनीची इंजिनिअर आली आहे, तिशीतली मुलगी. वाफेची कोणतीही गोष्ट उघडायची म्हटली की "सावकाश" म्हणते. सकाळपासून वीसदा तरी म्हणाली असेल. इस्त्रीघरातल्या बायकांनी दुपारपर्यंत तिचं नाव सावकाशबाई पाडलं. तिला कळलं तेव्हा ती हसली आणि "सावकाश हसा" म्हणाली, असं मुकादमबाईंनी मला मागाहून सांगितलं.

मी तिला सरळ विचारलं, हे बसल्यावर माझं काय. पंप चालू होता, ती पेटीत वाकून बोलत होती. एवढंच कानी आलं: "महिनाअखेर... तुम्हाला... काढून..."

मी पुन्हा विचारलं नाही. एकदा ऐकलं तेवढं पुरे होतं. बरं, मुलगी वाईट नाही. हसून बोलत होती. तिला काय, तिला वरून सांगितलेलं असणार.

दुपारी तिने मला यंत्र समजावलं. बोलताना मान वर करून थेट माझ्याकडे बघत होती, आणि नंतर तर खडू घेऊन फरशीवर चित्रंच काढायला बसली. तिला चित्रांची हौस दिसते. पण चित्रं चांगली होती. सहा महिने उरले असते तर मी जास्त मन लावून बघितली असती. आता वीस दिवस आहेत.

हिला काही सांगितलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं आहेत असं धरून ती बसली आहे.

बुधवार, १३ मार्च

आज सुरू झालं. जे पाहिलं ते लिहितो, नाहीतर विसरेन.

मोठ्या व्हॉल्व्हला स्वतःची अक्कल नाही. तो बंद राहण्यासाठीच बनवलेला आहे, खालून कोणी ढकललं तरच उघडतो. ढकलायचं की नाही हे पायलट ठरवतो. पायलटमध्ये एक स्प्रिंग आहे, ती आपण चार किलोला लावून ठेवायची. पुढच्या पाइपातून एक बारीक नळी मागे पायलटकडे येते आणि पुढे दाब किती आहे ते सांगते. पुढे चारच्या खाली गेलं की स्प्रिंग जिंकते, पायलट उघडतो आणि सातची थोडी वाफ मोठ्याच्या पोटातल्या पत्र्याच्या पडद्याखाली सोडतो. पडदा उचलला जातो, मोठा उघडतो. पुढे चार भरले की नळीतून आलेला दाब जिंकतो, पायलट मिटतो. पडद्याखाली अडकलेली वाफ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून, तांब्याच्या एका नळीने पुढे निघून जाते, आणि मोठा आपोआप बसतो.

म्हणजे बोटाएवढ्या व्हॉल्व्हच्या सांगण्यावरून मांडीएवढा व्हॉल्व्ह हलतो. आमच्या घरातही हेच चालतं. हिला वाचून दाखवलं नाही.

सकाळी एक भानगड झाली. फिटरने ती बारीक नळी व्हॉल्व्हच्या अगदी जवळ, पाइप वळतो तिथेच जोडली होती. सावकाशबाईंनी तोडायला लावली. वळणावर वाफ गोंधळलेली असते, तिथे दाब विचारला तर ती काहीही सांगेल आणि काटा नाचत राहील, असं त्यांचं म्हणणं. पाइपाच्या रुंदीच्या दहापट अंतर मोजून पुढे सरळ भागात जोडली, आणि तीही उतार देऊन, म्हणजे नळीत पाणी साचणार नाही. फिटर कुरकुरला. मला मात्र ते आवडलं. काम परत करायला लावणारा माणूस मला नेहमीच बरा वाटत आला आहे.

यंत्राच्या आधी कचरा अडवायला जाळी आणि पाणी काढणारा ट्रॅप. यंत्राच्या पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह, पाच किलोला लावलेला, त्याचं तोंड पाइपाने छपरावर काढलं आहे. एवढं शहाणं यंत्र असताना हा कशाला, असं मी विचारलं. तिने फरशीवर लिहिलं: यंत्र चुकलं तर.

मग वाफ सोडली. सावकाश, अर्थात. पाइप आधी तापू द्यायचा, पाणी निघून जाऊ द्यायचं, मग चाक पाव फेरा, मग थांबायचं. काटा चढत गेला आणि चारवर उभा राहिला. जेवणाच्या सुट्टीत तिन्ही रोलर एकदम बंद केले. माझा हात सवयीने जुन्या चाकाकडे गेला. काटा चार आणि एका रेघेवर गेला आणि तिथेच राहिला.

मी हात खिशात घातला. दुसरं काय करणार.

जाता जाता तिने काट्याच्या वर एक लाल दिवाही लावून दिला. इस्त्रीघरातलं घंटेचं बटण दाबलं की तो लागतो. वायरमन तिथेच उभा राहून बघत होता. म्हणजे तारेत बिघाड नव्हता, घंटेतच होता. मी म्हणतच होतो.

शनिवार, १६ मार्च

तीन दिवस काटा चारवर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डबा बसून खाल्ला. मुकादमबाई म्हणाल्या, चादरींचा रंग बघा, एकही पिवळी नाही. खरंच नव्हती.

माझ्या जागी जो येईल त्याच्यासाठी बॉयलरच्या खोडी एका कागदावर लिहायला घेतल्या. पंपाचं पॅकिंग दर दोन महिन्यांनी गळतं. खालचं दार ओढून नाही, उचलून उघडायचं. लिहिता लिहिता चार पानं झाली. इतकं मला माहीत होतं हे मलाच माहीत नव्हतं. छान वाटलं.

बुधवार, २० मार्च

काटा हलायला लागला आहे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चार आणि दोन रेघा. काल साडेचारला जरा कमी. आज साडेचार, आणि तिथेही थांबायला तयार नाही, हळूहळू वर सरकतो. रोलर चालू असेपर्यंत सगळं ठीक. बंद केले की सरकतो. आज मी शेवटी यंत्राच्या आधीचा व्हॉल्व्ह हाताने आवळला.

तांब्याच्या त्या नळीला हात लावून बघितला. पहिल्या दिवशी रोलर चालू असताना तिला हात लावता येत नव्हता. आज कोमट होती. ही गोष्ट मला खटकते आहे.

सावकाशबाई दुसऱ्या गावी कामाला गेल्या आहेत, शनिवारी येणार. फोन नंबर भिंतीवर लावून गेल्या आहेत. फोन करायला हवा होता. केला नाही. फोनवर माणसं नीट बोलत नाहीत हे एक कारण. दुसरंही आहे, खोटं कशाला लिहू. काटा सरकताना बघून मला बरं वाटलं. ज्याच्यासाठी मला काढणार त्याला चार दिवससुद्धा जमलं नाही, असं मनात आलं. साहेबांनाही सांगितलं नाही. रजिस्टरात आकडे लिहिले आणि सही केली.

शुक्रवार, २२ मार्च

आजचं आजच लिहितो.

पंपाचं पॅकिंग गळत होतं म्हणून साडेबाराला पंपाच्या खोलीत बसून ते बदलत होतो. जेवणाच्या सुट्टीआधी उठून वाफ आवळायची हे डोक्यात होतं. काम थोडं लांबलं. पण म्हटलं, घाई काय, सगळं शांत आहे.

खांद्यावर हात पडला. मागे मुकादमबाई. तोंड हलत होतं, चेहरा पांढरा. त्यांनी वर बोट दाखवलं. मी बाहेर आलो तर लाल दिवा लागलेला आणि काटा पाचच्या पुढे. खिडकीतून बघितलं तर छपरावरून वाफेचा पांढरा खांब सरळ आभाळात चाललेला. खाली अंगणात रुग्णांचे नातेवाईक, आया, माळी, सगळे वर बघत उभे होते. आणि त्या सगळ्यांनी दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते.

मला काही ऐकू येत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. लांब कुठेतरी कोणी पीठ चाळतंय इतपत.

आधीचा व्हॉल्व्ह बंद केला. घाई केली नाही, हात आपोआप चालले. काटा खाली आला, साडेचारवर सेफ्टी व्हॉल्व्ह बसला, खांब विरला. कोणाला काही झालं नाही. एक होजसुद्धा फुटला नाही. जो व्हॉल्व्ह कशाला म्हणून मी विचारलं होतं, त्याने आपलं काम चोख केलं. नंतर यंत्राकडची वाफ बंद ठेवून बाजूच्या पाइपावरच्या जुन्या चाकावर काम चालवलं. संध्याकाळपर्यंत चाकाजवळून हललो नाही आणि डोळे काट्यावरून काढले नाहीत.

पाळी सुटल्यावर मुकादमबाई आल्या. स्टूल ओढून समोर बसल्या, अगदी समोर.

"मामा, घंटा कधीच बिघडली नव्हती," त्या म्हणाल्या. "दीड वर्षं रोज वाजते आहे."

मी विचारलं, "त्या गुरुवारी?"

"तीनदा वाजवली. मग होज फुटला."

त्यांच्या मनगटावरची कातडी अजून गुलाबी आहे. मी तिकडे बघितलं तेव्हा त्यांनी बाही खाली ओढली. म्हणाल्या, सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं होतं, थोडीच वर्षं राहिली आहेत, फडक्यावर निभावून नेऊ. वायरमनलाही त्यांनीच गप्प केलं होतं. आणि मग म्हणाल्या, "हात भाजला तेव्हाच बोलायला हवं होतं. चूक आमचीही आहे."

मी डबा पिशवीत घातला आणि निघालो.

घरी आलो. हिने खांद्यावर हात ठेवला. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. तिने चार बोटं दाखवली आणि मग माझ्या ताटात भात वाढला. चार वर्षं.

शनिवार, २३ मार्च

सावकाशबाई सकाळीच आल्या. साहेबांनी कालच फोन केला असणार. मी त्यांना रजिस्टरातले आकडे दाखवले, दिवसागणिक कसे चढले ते, आणि सांगितलं की पायलट उघडण्याआधी ती तांब्याची नळी उघडा. रोलर चालू असताना ती गार पडत चालली होती. म्हणजे पडद्याखालची वाफ निघून जायला वाट राहिली नव्हती, म्हणून मोठा व्हॉल्व्ह पुरता बसत नव्हता.

त्यांनी पान्हा माझ्याच हातात दिला. मी नळी सोडवली. सुईच्या टोकाएवढ्या भोकात वेल्डिंगची एक काळी खपली बसली होती, मोहरीच्या टरफलाएवढी. त्यांनी ती नखावर घेतली आणि म्हणाल्या की चूक त्यांची. ती बारीक नळी तोडून पुन्हा जोडली तेव्हा पाइपात वाफ सोडून तो आणखी वेळ साफ करायला हवा होता. जाळीपुढे वेल्डिंग झालं, जाळी काय अडवणार.

मी म्हटलं, माझी चूक त्याहून मोठी आहे. सोमवारी कळलं होतं, फोन केला नाही. का केला नाही तेही सांगितलं, दोन्ही कारणं. आणि म्हटलं, "मला ऐकू येत नाही. काल कळलं. तसंही महिनाअखेर मला काढणारच आहात, तर त्याआधी सांगून टाकतो."

त्यांना काही समजेना. कोण काढणार, कुठून. मी पहिल्या दिवशीचं त्यांचं वाक्य सांगितलं. त्या एकदम खाली बसल्या, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत फरशीवर लिहिलं:

महिनाअखेर तुम्हाला ही जाळी काढून धुवावी लागेल.

बारा दिवस मी त्या जाळीच्या जागी स्वतःला धरून बसलो होतो. मला हसू आलं आणि मग आवरेना. त्याही हसल्या. फिटर धावत आला, काय झालं बघायला.

नंतर एकटाच साहेबांकडे गेलो. घंटा, होज, मुकादमबाईंचा हात, न केलेला फोन, सगळं सांगितलं. बायकांनी झाकून ठेवलं हे मात्र सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, टोपणाने टेबलावर ठकठक केलं, आणि स्पष्ट सांगितलं की कानाच्या डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत बॉयलरवर एकट्याने उभं राहायचं नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस सोबत राहील. मी म्हटलं, बरोबर आहे. खरंच बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं, कदाचित जरा जास्त रागावून.

खुर्चीतून उठताना ते म्हणाले की खपलीचं निदान हाताने करणारा माणूस त्यांनी अजून बघितला नव्हता.

सोमवार, २५ मार्च

कान तपासले. डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ काढून दाखवली. जाड, घुमणारे आवाज मला येतात. पंप येतो, पाइपाची थरथर येते. बारीक गेले आहेत. घंटा, शिटी, वाफेची सीं, बायकामुलांचं बोलणं. म्हणून मला वाटत राहिलं की सगळं ऐकू येतंय आणि माणसंच पुटपुटायला लागली आहेत. सव्वीस वर्षं वाफेपाशी उभं राहिल्यावर हे व्हायचंच, असं ते म्हणाले. दोन्ही कानांत मशीन लागेल.

दुपारी इस्त्रीघरात गेलो. रोलर चालू होते, बायका चादरीची टोकं धरून उभ्या होत्या. मुकादमबाईंसमोर उभा राहिलो आणि घरून पाठ करून नेलेली वाक्यं सगळी विसरलो. शेवटी एवढंच म्हटलं, "तुमचा हात माझ्यामुळे भाजला."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणाल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. मग एका चादरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, उभेच आहात तर धरा.

पाऊण तास धरलं. माझ्या घड्या वाकड्या येत होत्या. बायकांनी मला न दिसेलशा बेताने त्या उलगडून परत घातल्या, पण दिसलं.

रविवार, ३१ मार्च

काल जाळी काढून धुतली. लोखंडाचा कीस, गंजाचे पापुद्रे, एक धाग्याचा तुकडा. सगळं कागदाच्या पुडीत बांधून तारीख घालून ठेवलं. तांब्याची नळी फुंकून बघितली, मोकळी आहे. यंत्र मग सावकाश सुरू केलं. सोबतचा माणूस काट्याकडे बघत उभा होता, त्याला मी सांगितलं की सुट्टीत किती रेघा चढतो ते रोज लिहायचं, एका रेघेपेक्षा जास्त दिसली की त्याच मिनिटाला फोन. तो म्हणाला, यंत्र चांगलं असताना एवढं कशाला. मी म्हटलं, मी पण असंच विचारलं होतं.

शुक्रवार, १२ एप्रिल

मशीन बसवलं. पहिला तास वाईट गेला. कागदसुद्धा कडकड वाजतो हे मी विसरलो होतो. इस्पितळाच्या आवारात इतके पक्षी आहेत हेही. बॉयलरघरात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते काढून कानांत बोळे घालायचे, उरलेलं वाचवायला. दिवा आहेच. दाखल्यावर सही झाली. साहेबांनी सोबतचा माणूस मात्र काढला नाही. दोघं बरे, म्हणाले, आणि तो शिकतोही आहे.

रोलर बंद, काटा चार आणि एक रेघ. आज मुद्दाम दहा मिनिटं बघत बसलो. त्या नळीने विचारायचं, पायलटने ऐकायचं, मोठ्याने बसायचं. कंटाळा आला नाही.

शनिवार, १३ एप्रिल

आज सुट्टी. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. ही स्वयंपाकघरात होती. आतून बोलण्याचा आवाज आला. कोणी आलंय का म्हणून उठणार होतो, मग लक्षात आलं, आत कोणीच नाही. ही एकटीच बोलत होती.

"आज पालक स्वस्त म्हणून दोन जुड्या घेतल्या, पण आत सगळा चिखल. मुलीला उद्या या म्हणावं का? म्हणावं. ह्यांना विचारू? विचारलं तर हो म्हणतील. मग म्हणूनच टाकते." मध्येच थांबली. "भाजीत मीठ घातलं का मी? घातलं वाटतं. नाही, नसेल घातलं."

प्रश्न विचारायची आणि माझं उत्तर स्वतःच द्यायची. किती सफाईने चाललं होतं. असं रोजच चालत असणार, वर्षानुवर्षं, आणि मी दहा पावलांवर पेपर वाचत बसलेला.

डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

मी इथूनच म्हटलं, "घातलंस. मघाशी एकदा झाकण वाजलं होतं."

आत सगळं थांबलं. पळीसुद्धा. मग ती दारात आली, हात ओले, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर खाली ठेवला. भाजी लागल्याचा वास येईपर्यंत आम्ही दोघंही तसेच होतो.

दुसऱ्यांदा टाकलेलं मीठ पडून गेलंच होतं. भाजी खारट झाली. ताटावर बसून ती दिवसभराचं सांगत राहिली, हळू आवाजात, आणि मी तिला मध्ये मध्ये विचारत राहिलो. पातेलं रिकामं झालं तरी उठायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.